रजिस्टरकाकांचा चौथा रकाना

निसर्गप्रेमी माणसांचा मला पूर्वी नुसताच कंटाळा होता. त्यांच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या कंटाळ्याला पुराव्याचा आधार मिळाला.

आमच्या अभिलेखागारात दर वसंतात अशा वह्या येऊन पडतात. तारीख हवी तिथे कविता, ठिकाण हवे तिथे मनःस्थिती, आणि कीटकाचे वर्णन हवे तिथे ‘किती गोड!’ असा उद्गार. काहींत फुले चिकटवलेली असतात. ती काळी पडून शेजारच्या तीन ओळी खातात. अशा कागदांना ‘नोंद’ म्हणणे हे भिंतीवरच्या ओलीला नकाशा म्हणण्यासारखे आहे. तरीही आम्ही त्या ठेवून घेतो, कारण नाकारायचे तर कारण लिहावे लागते आणि ठेवून घ्यायला एक शिक्का पुरतो.

रजिस्टरकाकांचे प्रकरण शिक्क्यावर भागणारे नव्हते. शहराच्या टोकाला पाण्याची जुनी टाकी आहे आणि तिच्यामागे दोन एकरांचा खडकाळ उतार. कुणीही न लावलेली, कुणीही पाणी न घातलेली रानफुले तिथे वसंतात आपल्या हिशेबाने उगवतात. एका मंडळाने गेली एकोणतीस वर्षे वसंतातल्या प्रत्येक रविवारी त्या उतारावर ‘निसर्गफेरी’ काढली होती, आणि आता मंडळाला तो उतार कायमच्या देखभालीसाठी हवा होता. नगरपालिकेची अट एकच होती: मंडळाच्या नोंदी विश्वासार्ह आहेत असा अभिलेखागाराचा दाखला महिनाअखेरपर्यंत अर्जाला जोडावा. त्या नोंदी म्हणजे काकांचे रजिस्टर. आणि ते तपासण्यासाठी आमच्या प्रमुख बाईंनी माझी नेमणूक केली.

काका मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष आणि एकमेव लेखनिक. वय एकाहत्तर. ‘ताई, उतार मंडळाच्या ताब्यात आला की मी डोळे मिटायला मोकळा,’ हे त्यांचे पहिल्या भेटीतले दुसरे वाक्य. पहिले वाक्य पार्किंगविषयी होते. दाखल्याच्या अर्जात डोळ्यांसाठी रकाना नाही, असे मी त्यांना सांगितले. ते त्यांना पटले. रकाना नसणे हे कारण त्यांना नेहमीच पटत असे.

त्यांचा पूर्ववृत्तांत मी रीतसर जमवला आहे, म्हणून देते. एकोणिसाव्या वर्षी टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात चिकटले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच सुटले. मधल्या काळात त्यांनी थैल्या मोजल्या. बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तात साखर सापडल्याचे सांगून रोज चालायची आज्ञा केली. एकट्याने चालणे काकांना निरर्थक वाटले, कारण उपस्थिती मांडता येत नाही. म्हणून त्यांनी ऑफिसातले चार जण गोळा केले. त्यांपैकी एकाकडे फुलांचे सचित्र पुस्तक होते. पुढे तो माणूस बदलून गेला, पुस्तक हरवले आणि मंडळ उरले. शहरातल्या एका मान्यवर निसर्गचळवळीचा उगम हा असा आहे. मंडळाच्या स्मरणिकेत मात्र ‘हिरव्या हाकेला ओ’ असे छापले आहे.

तीन रविवार मी त्यांच्याबरोबर फिरले. सकाळी सातला टाकीच्या फाटकापाशी वीस-बावीस माणसे जमत. सगळ्यांच्या डोक्यावर फुलपाखरू भरलेली हिरवी टोपी. फुलपाखराला आठ पाय होते. हे मी एका टोपीधाऱ्याच्या निदर्शनास आणले, तेव्हा तो म्हणाला, ‘असू दे हो, चालायला बरे.’ मग काकांची शिट्टी, हजेरी आणि प्रस्थान. माणसे एकमेकांच्या पाठीकडे बघत चढत, अर्ध्या वाटेवर थर्मास उघडत आणि निसर्गाने माणसाला काय काय शिकवले याविषयी बोलत. ज्याला त्याला निसर्गाने तेच शिकवले होते जे त्याला आधीपासून येत होते.

कीटक ओळखण्याची मंडळाची एक पद्धत होती. तिचे वर्णन ऐकीव असते तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. दुसऱ्या रविवारी पिवळ्या चांदणीसारख्या एका फुलावर पट्टेरी काहीतरी येऊन बसले. टोप्या गोल जमल्या.

‘मधमाशी,’ दंतवैद्यबाई म्हणाल्या. या मंडळाच्या उपाध्यक्ष.

‘छे हो, गांधीलमाशी! कंबर बघा तिची,’ निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी छडी रोखली. हे कार्यवाह.

‘कंबर काय, आम्हालाही होती एके काळी,’ मागून एक बाई म्हणाल्या. ‘म्हणून काय आम्ही डसत होतो?’

‘त्यांना विचारा, डसत होता का ते!’ तिसरीने त्या बाईंच्या यजमानांकडे बोट केले, आणि टोप्या हसून हसून फुलावर कलंडल्या.

‘शांतता!’ काकांनी पेन्सिल वर केली. ‘मधमाशीच्या बाजूने हात वर. एक, दोन... अकरा. गांधीलमाशी? सात. तटस्थ? कोण ते मागे, हात नीट वर करा. दोन. मधमाशी मंजूर.’

‘तिला दोनच पंख आहेत,’ मी म्हटले. ‘मधमाशीला चार असतात. ही नुसती माशी आहे, मधमाशीचा वेश घेतलेली.’

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ‘ताई, मतदान झालं ना आता? आधी बोलायचं.’

माशी निकालापूर्वीच उडून गेली होती. या मंडळाच्या नोंदींतील कीटकांची नावे एकोणतीस वर्षे बहुमताने ठरलेली आहेत; अभ्यासकांनी त्यांचा उपयोग फार तर मंडळातल्या गटबाजीच्या अभ्यासासाठी करावा.

याला एक अपवाद होता. फेरी उतरणीला लागली की काका एकटे मागे राहत. उताराच्या मध्यावर एक चपटा खडक आहे, त्याच्याभोवती घंटेसारख्या निळ्या फुलांचा ताटवा. काका खडकावर बसत, घड्याळ मांडीवर ठेवत आणि पंधरा मिनिटे त्या फुलांवर येणाऱ्या एकाच माशीची गणना करत. नखाएवढी, काळसर निळी, पोळे न करता एकटी राहणारी मधमाशी. ही चुकणे शक्य नाही. तिच्यासारखी दुसरी त्या उतारावर नाही. हीच का मोजता, असे विचारले. ‘सॉर्टिंगला असताना पंधरा मिनिटांत पट्ट्यावरून किती थैल्या जातात ते मोजायचो. सवय. बाकीच्या फार वळवळतात, ही आपली नंबरात येते.’ तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या पाठीशी बसून स्वतंत्र गणना केली. त्यांची चार भरली, माझीही चार. काकांना या माशीविषयी ती निळी असल्यापलीकडे काहीच माहीत नव्हते, आणि बहुधा म्हणूनच त्यांची गणना शुद्ध होती.

रजिस्टर मी तपासणीसाठी पावती देऊन ताब्यात घेतले. टपाल खात्याने बाद केलेला, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचा जाडजूड ग्रंथ. अक्षर मात्र छापल्यासारखे. दर वर्षाच्या शेवटी एक गोषवारा आणि त्यात चार रकाने: उपस्थिती, फुलांचे प्रकार, निळ्या माश्यांची हंगामातली सर्वांत मोठी गणना, आणि सफाईची पोती. त्याखाली बेरीज. चारही रकान्यांची मिळून एक बेरीज! पहिल्या वर्षी दोनशे बारा माणसे, सव्वीस फुले, चौसष्ट माश्या आणि शून्य पोती. एकूण तीनशे दोन. कसली तीनशे दोन, हा प्रश्न त्या माणसाला एकोणतीस वर्षांत पडला नव्हता. ती बेरीज ‘मागील पानावरून’ म्हणून पुढच्या वर्षात जाई, तिच्यात पुढची माणसे, माश्या आणि पोती मिळत, आणि खाली काकांची सही. इतकी निष्कलंक आणि इतकी निरर्थक आकडेमोड मी दुसऱ्या कुठल्याही दफ्तरात पाहिलेली नाही.

चौथा रकाना मी आधी दुर्लक्षिला होता. सफाई हा मंडळाचा अभिमानाचा विषय. फेऱ्या सुरू होण्याच्या पंधरवडाभर आधी ‘सफाई रविवार’ होई: गेल्या वर्षीच्या झाडोऱ्याच्या उभ्या वाळक्या काटक्या उपटायच्या, पोत्यांत भरायच्या, टाकीमागच्या खड्ड्यात जाळायच्या. उतार कसा विंचरल्यासारखा दिसला पाहिजे. फोटोत फुलांच्या आड काही येता कामा नये. पाचव्या वर्षी तीन पोत्यांनी सुरुवात झाली. दहाव्या वर्षी सतरा, पंधराव्या वर्षी तीस. गेल्या वर्षी बेचाळीस.

तिसरा आणि चौथा रकाना मी कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी उतरवला. तीन पोत्यांच्या वर्षी माश्या अठ्ठावन्न. सतरा पोत्यांच्या वर्षी एकतीस. तिसांच्या वर्षी एकोणीस. बेचाळिसांच्या वर्षी पाच. शेऱ्यांत काकांनी कारणेही दिली होती: ‘माश्या घटल्या, वाढते शहरीकरण’, ‘माश्या घटल्या, लोकांची अनास्था’, आणि एका वर्षी, तपशील मुद्दाम देते, ‘माश्या घटल्या, हवेतील धूर’. सोळाव्या वर्षी काकांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. शेरा असा: ‘अध्यक्षांच्या प्रकृतीमुळे सफाई रद्द, क्षमस्व.’ पोती शून्य. माश्या सदतीस. पुढे कंसात: ‘निसर्गाची कृपा.’ सतराव्या वर्षी अध्यक्ष बरे झाले. पोती तेहतीस, माश्या सोळा.

दोन रकाने शेजारी बसले म्हणून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. मी एका कामाच्या दिवशी उतारावर एकटी गेले. काटेरी झुडपांच्या आत, जिथे निसर्गप्रेमींचा हात पोहोचला नव्हता, तिथे काही वाळक्या काटक्या उभ्या होत्या. एक पोकळ काटकी ब्लेडने उभी चिरली. आत मातीच्या पडद्यांनी पाडलेल्या खोल्या, एकापुढे एक. प्रत्येक खोलीतून बाहेर पडून गेल्याची खूण. शेजारच्या काटकीच्या तोंडाशी एक निळी माशी परागाचा गोळा आत कोंबत होती. ती एका खोलीत एक अंडे घालते, पडदा लावते आणि पुढची खोली धरते. पिल्ले थंडीभर त्या मेलेल्या काटकीत बसून वसंताची वाट पाहतात. मग मी खड्ड्याकडे गेले. तळाशी एक अर्धवट जळलेली काटकी सापडली. तीही चिरली. पाच खोल्या, पाच पडदे, आणि प्रत्येक खोलीत जिऱ्याएवढा काळा कण.

ती काटकी पाकिटात घालून त्याच संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर टाचण्यांची डबी, टाकदान, लाखेची कांडी; भिंतीवर मंडळाचे एकोणतीस फोटो, दर वर्षी एक टोपी जास्त. काकू खिडकीशी बसून तिसाव्या वर्षाच्या टोपीवर फुलपाखरू भरत होत्या.

‘अहो, तुमच्या दाखलेवाल्या आल्यात,’ त्यांनी आत हाक दिली. ‘बस गं बाळ. यांना घरातला साखरेचा डबा सापडत नाही, पण टेकाडावरची माशी बरोबर सापडते.’

‘साखर मला वर्ज्य आहे,’ काका बाहेर येत म्हणाले.

‘म्हणून तर डबा लपवते. तो मात्र दर आठवड्याला हलका होतो.’

मी काटकी टेबलावर ठेवली आणि सांगायचे ते सांगितले. कागदही पुढे केला. काकांनी कागद न वाचताच परत सारला.

‘काहीतरीच. वाळकी काटकी हो ती. मेलेली.’

‘काटकी मेलेली होती. आत बिऱ्हाड होतं.’

‘मग काय उकिरडा ठेवायचा? लोक म्हणतील, स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात आणि उताराची अवस्था बघा!’ त्यांचा आवाज चढला. ‘पंचवीस वर्षं कमरा मोडून सफाई केली आम्ही. त्याची पावती काय, तर ही काटकी?’

‘मी म्हणतच होते, यांच्या हातात झाडू देऊ नका,’ काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या. ‘माझी शिवणाची पेटी एकदा आवरली होती. अजून कात्री सापडली नाही.’

‘तू गप्प बस गं.’

‘बसते. कात्री द्या, मग बसते.’

काकांनी शेवटी भिंग काढले. काटकी प्रकाशाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता काहीतरी मानवी ऐकायला मिळेल. ते म्हणाले, ‘पाच.’ आणि थोड्या वेळाने, ‘एका पोत्यात अशा बाराशे काटक्या मावतात. मी एकदा मोजल्या होत्या. सगळ्यांत काही नसतील.’

‘नसतील. किती असतील ते मला माहीत नाही.’

‘वीसांतली एक धरू.’ त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर गुणाकार मांडला. साठ. साठ पंचे तीनशे. एका पोत्याला तीनशे. मग रजिस्टरमधली पोती आठवून आठवून एकाखाली एक लिहू लागले. सातव्या की आठव्या ओळीला काकू उठल्या आणि त्यांनी काकांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली.

‘पुरे,’ त्या म्हणाल्या.

पश्चात्तापाच्या आधी गुणाकार सुचणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला नाही. आणि पश्चात्ताप नंतर तरी सुचला, याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. निघताना त्यांनी तीन दिवसांसाठी रजिस्टर परत मागितले, समितीपुढे ठेवायला. ते अद्याप मंडळाच्या मालकीचे होते. दुसऱ्या दिवशी मी पावती परत घेऊन ते दिले.

समितीची बैठक रविवारी दुपारी दंतवैद्यबाईंच्या दवाखान्यात भरली. मला ‘खुलाशासाठी’ बोलावले होते. काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे, कोपऱ्यात माशांची टाकी, आणि रुग्णांसाठीच्या खुर्च्यांवर समिती. मी खुलासा केला. कुणीही माशीविषयी प्रश्न विचारला नाही.

‘प्रश्न फक्त त्या रकान्याचा आहे ना?’ दंतवैद्यबाई म्हणाल्या. ‘तो द्यायचाच कशाला? किडलेला दात काढतात, त्यासाठी कुणी अख्खा जबडा काढत नाही.’

‘बरोबर,’ इंजिनिअरसाहेब म्हणाले. ‘रजिस्टर तसंही जीर्ण झालंय. काकांनी सुवाच्य अक्षरात नवं उतरवून काढावं. तीन रकाने. सुटसुटीत.’

हाच चौथा रकाना स्मरणिकेच्या मलपृष्ठावर ‘श्रमदानाची चढती कमान’ या मथळ्याखाली रंगीत छापला होता. तो मथळा साहेबांनीच दिला होता.

‘मी इथे बसले आहे, हे लक्षात आहे ना?’ मी विचारले.

‘मॅडम, तुम्ही आत्ता ऑफिसात नाही आहात,’ साहेब हसून म्हणाले. ‘तुमच्याकडे जे दाखल होईल ते तुम्ही तपासणार. दाखलच झालं नाही ते कसं तपासणार? तुमच्या हातात तुमचं टिपण. मूळ कागदाशिवाय टिपणाला किंमत किती, ते तुम्हीच आम्हाला शिकवायला हवं.’

हे त्यांचे म्हणणे दुर्दैवाने अचूक होते. मूळ रजिस्टर नाहीसे झाले तर माझा कागद म्हणजे एका तपासनिसाचे मत. आणि मत देणारे तर मंडळात वीस-बावीस होतेच.

‘काका, तुमचं काय म्हणणं?’ बाईंनी विचारले. ‘तुमच्या हयातीत उतार मिळायचा असेल तर हाच मार्ग आहे.’

काका मांडीवरच्या रजिस्टरवरून हात फिरवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ‘उतरवायचं तर अक्षर माझंच हवं,’ ते म्हणाले. ‘आठ दिवस लागतील.’

बैठक संपली. चहा झाला. माशांना कुणीतरी खाणे टाकले आणि सगळे काचेपाशी जमून ‘किती गोड’ म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अकरा वाजता काका अभिलेखागाराच्या दाखल-खिडकीशी आले. त्यांच्याकडे सुतळीने बांधलेले दोन गठ्ठे होते. पहिला सोडला. नवे रजिस्टर, दोनशे सोळा पाने, एकही खाडाखोड नाही. म्हणजे त्यांनी ते खरोखरच आठ दिवस बसून लिहिले होते. हे मी इथे स्पष्ट नोंदवून ठेवते, कारण पुढच्या प्रसंगावरून त्यांना साधुत्व बहाल करण्याचा मोह कुणाला होऊ नये. मग त्यांनी दुसरा गठ्ठा सोडला. जुने.

‘दाखल कुठलं करायचं?’ मी विचारले.

‘जुनं.’

‘समितीला माहीत आहे?’

‘अध्यक्षाच्या सहीने दाखल करता येतं. नियमावलीतलं कलम नऊ. मीच लिहिलंय.’ त्यांनी नव्या रजिस्टरचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे केले. बेरजेची जागा कोरी होती. ‘याची बेरीज लागत नाही. पोती काढली की सगळ्या बेरजा उतरतात. पाचव्या वर्षापासून.’

‘मग नव्या बेरजा लिहायच्या. तुम्हाला अवघड नाही.’

‘लिहिता येतात,’ ते म्हणाले. ‘पण त्या बेरजांखाली माझी सही झालेली आहे, ताई. पंचवीस ठिकाणी. सही केलेली बेरीज बदलायची म्हणजे थैली वाटेत फोडण्यासारखं झालं. आमच्याकडे त्याला सरळ घरी पाठवायचे.’

‘माणसं, माश्या आणि पोती यांची एकत्र बेरीज होतच नाही, काका. तिला काही अर्थ नाही.’

‘अर्थ नसेल. बरोबर आहे पण ती.’

‘आणि माश्यांचं काय?’

‘त्या आहेतच की बेरजेत,’ ते म्हणाले.

मी दाखल-अर्ज पुढे केला. त्यांनी तीन प्रतींवर सह्या केल्या आणि मगच, पेनचे टोपण लावता लावता, विचारले, ‘दाखला आता मिळणार नाही ना?’

‘दाखला मिळेल. नोंदी विश्वासार्ह आहेत, असंच मी लिहिणार आहे. त्या नोंदी काय सांगतात तेही लिहिणार आहे. म्हणून उतार मिळणार नाही.’

‘हं,’ काका म्हणाले. नवे रजिस्टर त्यांनी पुन्हा सुतळीने बांधले. गाठ नीट बसेना, तेव्हा सोडून पुन्हा बांधली. मग ते गेले.

नगरपालिकेने मंडळाचा अर्ज फेटाळला. उतार पाणीपुरवठा खात्याकडेच राहिला. खात्याच्या अधिकाऱ्याने मला सांगितले, ‘आम्ही तो कुणाला देणार नाही, आणि आम्ही तिथं काही करणारही नाही.’ फाटकाला कुलूप लावण्याचे काम तेवढे त्यांनी केले. निळ्या माशीवर आजवर कुणी केलेले हे सर्वांत मोठे उपकार असावेत. मंडळाने पंधरा दिवसांत विशेष सभा घेऊन काकांना अध्यक्षपदावरून दूर केले. हात वर करून, सतरा विरुद्ध एक. तो एक हात काकूंचा होता. त्या सभासद नसल्यामुळे तोही बाद झाला. नव्या अध्यक्ष दंतवैद्यबाई. मंडळाने नदीकाठची एक पडीक जागा दत्तक घेतली आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे तिथे सफाई सुरू झाली आहे.

काका त्यानंतर एकदाच दिसले. हिवाळ्याच्या अखेरीस एका मंगळवारी ते वाचन-कक्षात आले, वाचकाचा अर्ज भरला, पिशवी आणि शाईचे पेन बाहेर ठेवले आणि स्वतःचे रजिस्टर मागवले. त्यांच्या खिशात एक जुनी रोजनिशी होती. ती आत नेण्याची त्यांनी वेगळी परवानगी घेतली. दोन तास ते पान आणि रोजनिशी असे आलटून पालटून पाहत बसले. मग माझ्या टेबलापाशी आले.

‘एकोणिसाव्या वर्षात चूक आहे. पोती चौदा लिहिलीत. रोजनिशीत एक्केचाळीस आहेत. उतरवताना आकडे उलटे पडले.’

ते वर्ष मला पाठ होते. चौदाच पोती, आणि तरी माश्या पंधरावरून आठावर आल्या होत्या. अहवालात मी त्याला ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवले होते. अपवाद उरला नाही म्हणजे काकांच्या विरुद्धचा पुरावा सलग झाला. हे त्यांना सांगायची गरज नव्हती, कारण आठाचा आकडा चौदाच्या शेजारीच त्यांच्या अक्षरात होता.

‘दाखल झालेल्या कागदात फेरफार करता येत नाही,’ मी म्हटले.

‘ते ठाऊक आहे. पुरवणी चिठ्ठी जोडता येते.’

मी कागद दिला. त्यांनी उभ्यानेच लिहिले: ‘वर्ष एकोणीस, रकाना चार. चौदाऐवजी एक्केचाळीस वाचावे. पुढील सर्व बेरजा सत्तावीसने वाढवून वाचाव्यात.’ खाली सही, तारीख, वेळ. रोजनिशीचे ते पान फाडून त्यांनी चिठ्ठीला टाचले. मी दोन्ही कागद पाकिटात घातले, पाकिटावर क्रमांक टाकला आणि पाकीट रजिस्टरला जोडले.

‘पोच द्या,’ काका म्हणाले.

मी दिली.